रागुझाच्या वेशीबाहेरचा महिना

एड्रियाटिकच्या कांठचें डुब्रॉव्निक, म्हणजेच जुनें रागुझा, हें समुद्रव्यापारावर जगणारें नगर. १३४८ सालच्या महामारीनें तेथें हाहाकार उडविला. जें गलबत धान्य आणी, तेंच मृत्यूही आणूं शके. बंदर मिटावें तर उपासमार, उघडें ठेवावें तर मरण! १३७७ मध्यें नगराच्या महासभेनें मधला मार्ग काढला : रोगग्रस्त प्रदेशांतून येणाऱ्यांनीं मर्कान बेटावर किंवा त्साव्तात गांवीं एक महिना राहावें, मगच वेशींत पाऊल टाकावें. पुढें इतरत्र ही मुदत चाळीस दिवसांची झाली; इटालियन भाषेंतील ‘चाळीस’ या शब्दावरूनच ‘क्वारंटाईन’ हें नांव पडलें. आज विहारनौकांतून सहकुटुंब उतरणारे प्रवासी तटाबाहेरील, सतराव्या शतकांतल्या लाझारेतीच्या इमारती पाहतात. अतिथीला न दवडतां घर कसें राखावें, याचा धडा तेथें दगडांत उभा आहे.