यंत्रांतील मींड

(नभोवाणीवरील भाषण)



माझी सारी नोकरी नांदेड आणि लातूर या दोन गांवीं झाली. मी संगीतशास्त्रज्ञ नाहीं. इतिहास शिकविणारा एक जुना शाळामास्तर आहें. तेव्हां आज मी संगीताची नव्हे, तर संगीताच्या इतिहासांतील एका उपेक्षित माणसाची हकीकत सांगणार आहें. मात्र तिचा आरंभ पेटीपासून केला पाहिजे.

नांदेडच्या सचखंड श्रीहुजूर साहिबांत ज्यांनीं कीर्तन ऐकलें असेल, त्यांना रागी मंडळींच्या पुढ्यांतील पेटी आठवत असेल. शिखांच्या पवित्र ग्रंथाची रचना बहुतांशीं रागवार आहे, आणि तीं पदें आज पेटीच्या साथीनें गाइलीं जातात. ही पेटी मूळची युरोपची. पण आपल्याकडे ती इतकी रुळली कीं, गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतानें तिच्यावर स्वतंत्र वादन करून रसिकांना डोलावयास लावलें. असें असूनहि १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिच्यावर बंदी घातली, व ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप असा कीं, पेटीचे स्वर जागच्या जागीं खिळलेले असतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड ओघळत जाणारी मींड तिच्यांतून निघत नाहीं. यंत्रांत राग मावतो काय, हा तो मूळ प्रश्न.

या प्रश्नाला एक अनपेक्षित उत्तर मुंबईच्या चरणजित सिंग या वादकानें दिलें. १९६० नंतरच्या दोन-अडीच दशकांत हे गृहस्थ हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार व विजेवरचीं वाद्यें वाजवीत असत. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन अशा संगीतकारांच्या हाताखालीं त्यांनीं काम केलें. अशा वादकांचें नांव पडद्यावर क्वचितच येई. गाणें घरोघर पोंचे, वादक मात्र अनामिक राही. स्वतःचा वाद्यवृंद घेऊन ते समारंभांतहि वाजवीत.

१९८० च्या सुमारास आपल्या चित्रपटांत डिस्कोची लाट आली. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हें तालयंत्र आणि टीबी-३०३ हें खर्जाचे स्वर काढणारें लहानसें यंत्र, हीं तीन जपानी वाद्यें सिंगांच्या हातीं आलीं. तिन्ही रोलंड कंपनीचीं. यांतील शेवटचें यंत्र एकट्या गिटारवादकाला साथ मिळावी म्हणून बनविलेलें होतें. त्यांत स्वरांचीं सोळा घरें भरून ठेवतां येत, आणि एका घरांतला स्वर न तुटतां दुसऱ्यांत सरकविण्याची सोय होती. आपला त्रितालहि सोळा मात्रांचा, हा योगायोगच. परंतु जी मींड पेटीला साधली नाहीं, तिचें निदान बीज तरी या यंत्रांत होतें.

१९८२ सालीं या यंत्रांवर सिंगांनीं दहा राग ध्वनिमुद्रित केले, व एच. एम. व्ही.नें त्यांची तबकडी काढली. पहाटेचा ललित, सकाळची तोडी, सायंकाळचा यमन, मध्यरात्रीचा मालकंस आणि पावसाळ्यांतील मेघमल्हार, सारे एकाच डिस्को ठेक्यावर! शास्त्रीय संगीताच्या रसिकांना हें रुचण्याजोगें नव्हतें, आणि नाचणाऱ्यांना गाणीं हवीं होतीं. तबकडी खपली नाहीं, विस्मृतींत गेली.

इकडे टीबी-३०३ चेंहि नशीब फुटकेंच निघालें. १९८४ सालीं त्याचें उत्पादन थांबलें व तें जुन्या सामानाच्या दुकानांत स्वस्तांत मिळूं लागलें. अमेरिकेंतील शिकागो शहरच्या कांहीं तरुणांनीं त्यांतून विचित्र, पिळवटलेले आवाज काढले, आणि १९८७ च्या सुमारास ‘ॲसिड हाउस’ नांवाचा नवा संगीतप्रकार जगभर गाजूं लागला. पुढें २००२ सालीं एका डच संग्राहकाला सिंगांची तबकडी दिल्लींत सांपडली. २०१० सालीं ती पुन्हां प्रसिद्ध झाली. तेव्हां पाश्चात्य श्रोते चकित झाले. शिकागोचेंच तें वाद्य, तसाच तो नाद, आणि तोहि पांच वर्षें आधीं! हा कोणाचा तरी खोडसाळपणा असावा, अशी शंकाहि कांहींनीं घेतली. सिंगांनी शिकागोला शिकविलें, असें मात्र म्हणतां येणार नाहीं; आधीं घडलेली प्रत्येक गोष्ट नंतरच्या गोष्टीचें कारण नसते, हें मीं मुलांना नेहमींच सांगितलें. उतारवयांत सिंगांना युरोपांत वादनाचीं आमंत्रणें आलीं. २०१५ सालीं मुंबईंत ते वारले.

त्यांच्याविषयीं वाचतांना मला माझा एक विद्यार्थी आठवला. १९९० च्या सुमारास तो लातूरकडे वरातींतून बेंजो पार्टींत कॅसिओ वाजवी. एकदां त्यानें त्या कॅसिओवर वाजविलेल्या भूपाची कॅसेट मला आणून दिली. मीं ती पुरती ऐकलीहि नाहीं. “यंत्रांत कसला आलाय राग? अभ्यास कर,” एवढें बोलून परत केली. गेल्या वर्षीं त्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत जाऊन मीं ती कॅसेट मागितली. तो हंसून म्हणाला, “सर, ती तेव्हांच पुसली. तिच्यावर लग्नाचीं गाणीं भरलीं.”

त्या कॅसेटींत कांहीं विशेष होतें असा माझा दावा नाहीं. कदाचित् नसेलहि, पण तें ठरविण्याचें साधनच मीं नाहींसें केलें. सिंगांची तबकडी कोणाला आवडली नाहीं, तरी तिची एक प्रत कुठल्याशा फळीवर उरली, म्हणून तीस वर्षांनीं तिचा न्याय होऊं शकला. आपल्या घरांतील मुलानें उद्यां संगणकावर कांहीं चमत्कारिक नाद केला, तर तो आपणांस आवडलाच पाहिजे असें नाहीं. मात्र तो शेवटपर्यंत ऐकावा, आणि जपून ठेवावा.