उसाच्या मळ्यांतील मराठी

इ. स. १८३४ पासून मॉरिशस बेटांत उसाच्या मळ्यांवर करारबद्ध हिंदी मजूर जाऊं लागले. त्यांत कोंकणांतील मराठी कुटुंबेंही होतीं. पोर्ट लुईच्या घाटावर उतरतांच पहिली अडचण पडे ती भाषेची. राज्य १८१० पासून इंग्रजांचें. मळेवाल्यांची भाषा फ्रेंच. आणि मळ्यांतली बोली तिसरीच. ती क्रिओल. शब्द बहुतेक फ्रेंच, परंतु घडण गुलामांच्या वस्तींत झालेली. ती शिकण्यास पुस्तक नव्हतें. थोरांनीं ती कामावर ऐकून उचलली, मुलांनीं खेळतां खेळतां. पुढें मुलांमागून ती घरांत शिरली, आणि चुलीजवळची मराठी हळूहळू देवघरापुरती उरली. गणेशचतुर्थीस तेथें आजही मराठी आरती ऐकूं येते. ती संपली कीं गप्पा मात्र क्रिओलमध्यें सुरू होतात.