धामण पाळायची नसते, हे मला उशिरा कळलं

परवापासून आपल्या तालुक्यातल्या एका पोराचं रील फिरतंय. गळ्यात सहा फुटी धामण, खाली लिहिलंय 'माझी लाडकी'. लाईक करणाऱ्यांत आपलेच बरेच लोक आहेत.

धामण बिनविषारी, उंदरांवर जगणारी. तरी गोठ्यात दिसली की म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते म्हणत आपण काठी उचलतो. सापाचं तोंड दूध ओढण्यासारखं नसतंच, पण ऐकतं कोण!

काठीपेक्षा मोठा घात केला तो कातड्याच्या धंद्याने. पर्स, पट्टे, बूट यांसाठी धामणीचं कातडं परदेशात जायचं. 1972 ला वन्यजीव कायदा आला, 1976 ला सापाच्या कातड्यांची निर्यात बंद झाली. तामिळनाडूतल्या इरुळा लोकांचं पोट याच धंद्यावर होतं. 1978 ला त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि कातड्याऐवजी ते विषारी सापांचं विष काढून, साप परत सोडून देऊ लागले.

आपल्याकडे बत्तीस शिराळ्यात नागपंचमीआधी नागांबरोबर धामणीही पकडून मडक्यात ठेवायचे, सण झाला की सोडायचे. न्यायालयाच्या आदेशानंतर तेही थांबलं. 2022 च्या दुरुस्तीने धामण थेट पहिल्या अनुसूचीत गेली, म्हणजे वाघाच्या पंगतीत. नुसतं पकडणं हीसुद्धा कायद्याने शिकारच. शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, वर किमान 25 हजार दंड.

आता माझं. वीसेक वर्षांपूर्वी, डिप्लोमा करून नवानवा बातमीदार झालो होतो. काचेच्या पेटीत धामण ठेवणाऱ्या एका तरुणावर मी फोटोसकट कौतुकाची बातमी केली. धामणीने खाणं सोडलं, दीड महिन्यात मेली. त्याने मला सांगितलं होतं. ती बातमी मी केली नाही. पहिलीच्या जोरावर मात्र आणखी दोघा-तिघांनी घरात साप आणले.

काल या पोराला फोन केला. म्हणाला, "दादा, ती मला काहीच करत नाही." म्हटलं, तू तिला करतोयस, त्याचं काय? फोन कट.

त्याच्या ओळखीच्या कुणी हे वाचत असेल तर त्याला वनविभागाच्या 1926 वर आजच फोन लावायला सांगा. गुपचूप कुठेतरी नेऊन सोडू नको म्हणावं. आणि ते रील पुढे पाठवू नका.