झाडे मोजली, जमीन दिली

मुंबईत म्हशींचे गोठे शहरभर पसरले होते. ते एका जागी हलवावेत आणि लोकांना स्वच्छ दूध मिळावे, म्हणून सरकारने १९४९ साली गोरेगावला आरे दुग्धवसाहत वसवली. जमीन ३,००० एकरांहून जास्त. वारल्यांचे पाडे तिथे आधीपासूनच होते. त्यांना कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

सरकारी जमिनीचे एक दुर्दैव असते. ती संपादन करावी लागत नाही, मोबदला मागणारा कोणी नसतो. शहराला काही हवे झाले, की नकाशावर बोट तिथेच टेकते. १९७७मध्ये आरेच्या जमिनीवर चित्रनगरी आली. पुढे मेट्रो-३ची कारशेड. मेट्रो हवीच होती, लोकलच्या दारात लटकणाऱ्याला ते सांगायला नको. प्रश्न जागेचा होता.

झाडांसाठी आपल्याकडे १९७५चा कायदा आहे. चांगला आहे. पण तो विचारतो एवढेच : कोणते झाड तोडायचे, कोणते हलवायचे, बदल्यात किती लावणार? जमीन कशासाठी द्यायची हे ठरते १९६६च्या नगररचना कायद्याखाली, आणि ते आधीच ठरून गेलेले असते. वृक्ष प्राधिकरणापुढे उरतो तो आकडा.

ऑगस्ट २०१९मध्ये तो आकडा होता २,६४६. त्यांतली बहुतेक तोडायची, थोडी दुसरीकडे लावायची. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडे पडली होती.

२०२०मध्ये कारशेड कांजूरमार्गला न्यायचे ठरले. तिथे मात्र केंद्राने जमिनीवर मालकी सांगितली, न्यायालयाची स्थगिती आली आणि २०२२मध्ये गाडी पुन्हा आरेत. भांडायला मालक असला की जमीन अशी जड होते! मग ८४ झाडे तोडण्यासाठी अर्ज करण्याची मुभा मिळाली. परवानगी निघाली १७७ झाडांची. एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो कंपनीला १० लाखांचा दंड केला, पण १७७ झाडे हटवूही दिली. दंड झाला तो आकड्यापायी.

मधल्या काळात, २०२०-२१मध्ये, आरेतली ८०० एकरांहून जास्त जमीन राखीव वनासाठी वेगळी काढली गेली. झाडे मोजण्याऐवजी एकर राखले, हे मला त्या सगळ्या वादातले खरे काम वाटते. कारशेडचा तुकडा त्यात नाही. ऑक्टोबर २०२४पासून मेट्रो-३ तिथून धावते आहे.