पासवर्ड : तोतो

डायल-अपचा तो 'कुर्रर्र... किर्रर्र' आवाज आठवतोय का? एकदा जोडणी लागली की घरातला फोन अडकून पडायचा आणि आतून कोणीतरी ओरडायचं. पुढे ब्रॉडबँड आलं, मोडेम माळ्यावर गेले. अशाच टाकून दिलेल्या तंत्राने २०११ साली इजिप्तमध्ये मात्र चांगलंच काम केलं.

२५ जानेवारीला कैरोत मुबारक यांच्या राजवटीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. २७ तारखेच्या मध्यरात्रीनंतर तिथल्या बड्या इंटरनेट कंपन्या काही मिनिटांत एकामागोमाग एक बंद पडल्या. कंपन्या मोजक्याच, त्यामुळे हुकूमही मोजक्याच जागी द्यावा लागला. २८ तारखेला मोबाईलही मुके झाले. तारेचे फोन मात्र चालू राहिले.

फट सापडली ती तिथेच. फ्रान्समधल्या एफडीएन या १९९२ पासूनच्या बिनफायद्याच्या छोट्या संस्थेने पॅरिसचा एक डायल-अप नंबर सगळ्यांना खुला केला. युजरनेम तोतो आणि पासवर्डही तोतो! वेग गोगलगायीचा, वर परदेशी कॉलचं बिल. पण चार ओळींचा निरोप पाठवायला तेवढं पुरे होतं. टेलिकॉमिक्स नावाच्या गटातले लोक असे नंबर चक्क फॅक्सने इजिप्तमध्ये कळवत होते. गूगल आणि ट्विटरने नुसत्या फोनवर बोलून निरोप ठेवायची सोय केली. तो आवाज ट्विटरवर ऐकता यायचा. २ फेब्रुवारीला इंटरनेट परत आलं, ११ तारखेला मुबारक गेले.

मोडेमने क्रांती केली असं मी म्हणणार नाही. बहुतेक इजिप्तकरांकडे इंटरनेट नव्हतंच. २८ तारखेची गर्दी शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदींबाहेर जमली, गल्लीगल्लीतून वाढत गेली. सर्वांत जुनं जाळं तेच : शेजारीपाजारी आणि ठरलेली जागा.

आता आपल्याकडचं बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये मोबाईल आणि इंटरनेटबरोबर तारेचे फोनही बंद झाले. इजिप्तमध्ये उरलेली फट इथे उरली नाही. लग्नसमारंभ रद्द झाल्याचं लोक वर्तमानपत्रात छापून कळवत होते. पूर्ण फोर-जी परतायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं.

मला यातून एकच गोष्ट जाणवते. जुनी साधनं अडगळ वाटतात, पण नव्याची नाडी दुसऱ्याच्या हातात असली की तीच कामी येतात. आपण मात्र बोलणं, बातम्या, पैसे, पत्ते सगळं एकाच दोरीला बांधत चाललोय. आपली तार सेवा तर २०१३ मध्येच बंद झाली.

बरं, फोन न उघडता तुम्हाला जवळच्या माणसांचे किती नंबर सांगता येतील? आणि फोन बंद पडले तर भेटायचं कुठे, हे घरात कधी ठरलंय का?