ट्रॅकवरील मोटारचालन: ब्रेक ऑइलची निवड
चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टईसारख्या शर्यतीच्या ट्रॅकवर वेगवान मोटार वारंवार रोखताना ब्रेकच्या डिस्क आणि पॅड प्रचंड तापतात. ती उष्णता पोहोचून ब्रेक ऑइल उकळल्यास त्यात वाफ होते. वाफ सहज दाबली जात असल्याने पेडल खोल जाते. ब्रेक मात्र पुरेसा लागत नाही. ग्लायकॉलयुक्त ऑइल हवेतील ओलावा शोषत असल्याने त्याचा उत्कलनबिंदू कालांतराने घटतो. ‘डॉट ४’ दर्जासाठी तो ताज्या ऑइलमध्ये किमान २३० आणि ओलावा शोषलेल्या ऑइलमध्ये किमान १५५ अंश सेल्सिअस असावा लागतो; ‘डॉट ५.१’ साठी हेच आकडे २६० व १८० आहेत. म्हणून मोठ्या डिस्कपूर्वी ताजे ऑइल आणि अधिक उष्णता सोसणारे पॅड यांवर खर्च करणे श्रेयस्कर. सिलिकॉनयुक्त ‘डॉट ५’ मात्र यांत कधीही मिसळू नये.