दिवसा शाळा, रात्री घर

पीएचडीवाल्यांना जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ ठाऊक असतंच. त्याचे पहिले अध्यक्ष डॅनियल कॉइट गिलमन. त्यांच्या नावाने बाल्टिमोरमध्ये मुलग्यांची एक खासगी शाळाही आहे.

१८९७ साली ॲन गॅलब्रेथ केरी यांनी ती काढली, गिलमन यांच्या मदतीने. तेव्हा श्रीमंतांचे मुलगे कॉलेजच्या तयारीसाठी दूरच्या निवासी शाळांत जायचे. केरीबाईंना मात्र मुलगा घरीच हवा होता. मग तोडगा निघाला: अभ्यास, मोकळी हवा, मैदानी खेळ सगळं निवासी शाळेसारखं, फक्त संध्याकाळी मुलगा घरी. 'कंट्री डे स्कूल' हा प्रकार इथून देशभर पसरला.

पण या मोकळ्या हवेत जाणार कोण? १९१० साली शाळा रोलंड पार्क या गोऱ्या श्रीमंतांच्या उपनगरात गेली. त्याच वर्षी बाल्टिमोर शहराने गोऱ्यांनी कुठे राहायचं, कृष्णवर्णीयांनी कुठे, हे कायद्यानेच ठरवून टाकलं. सुप्रीम कोर्टाने १९१७ मध्ये असे कायदे घटनाबाह्य ठरवले. शाळेची दारं कृष्णवर्णीय मुलांसाठी उघडायला मात्र त्यानंतरही काही दशकं जावी लागली. दिवसाची शाळा म्हटली की घर कुठे आहे, यावर बरंच ठरतं.